पावसात टिकणारं धनुष्य : गम आणि पाठपट्टीच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

दिवाळीची आवराआवर संपली आणि माळ्यावरून तिसरं धनुष्य खाली काढलं. मार्चमध्ये बनवलं तेव्हा दोरी उतरवून भिंतीला टेकवलं की दोन्ही टोकं पुढे, लक्ष्याच्या बाजूला, दीड इंच झुकलेली असायची. आज तीच टोकं पाऊण इंच मागे आली आहेत. मोडलं नाही, तडकलं नाही, पण जोर गेला. हुकाच्या काट्याने मोजलं तर २६ इंच खेचीला २४ पौंड भरलं. मार्चमध्ये ३२ होतं.

बनवताना कडेवर, पाठपट्टी (धनुष्याच्या लक्ष्याकडच्या बाजूला चिकटवलेली पट्टी) आणि लाकूड यांच्या जोडावरून आडव्या, पेन्सिलच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. टोकांजवळच्या रेघा आता तुटलेल्या दिसतात. वरचा तुकडा खालच्यापासून केसभर सरकलाय. डोळ्याला चटकन कळत नाही, पण नख फिरवलं की पायरी लागते. मुठीजवळच्या रेघा मात्र अखंड आहेत.

म्हणजे गम सुटला नाही, गम सरकला. शंभर पानी वही वाकवून पाहिली की पानं एकमेकांवरून सरकतात आणि कडेला उतार तयार होतो. धनुष्यातले थर वाकताना हेच करू पाहतात आणि गमाने त्यांना धरून ठेवायचं असतं. मी टोकं पुढे झुकवून, साच्यात आवळून चिकटवलेली. त्यामुळे दोरी उतरवलेली असतानाही जोडावर ताण होताच. सुताराचा पांढरा गम असा कायमचा ताण सोसत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. त्या धनुष्याचा एप्रिल-मे पत्र्याच्या माळ्यावर गेला होता.

भाची नववीत आहे. शाळेतून तिरंदाजीतला इंडियन राउंड हा प्रकार खेळते, त्यात बांबू-लाकडाचीच धनुष्यं चालतात. तिला ३२-३४ पौंडांचं धनुष्य हवंय आणि ते सावंतवाडीचा पाऊस आणि मे महिना दोन्ही काढेल असं हवंय. पुढच्या वर्षभराचं काम हे. या वेळी आधी गम तपासणार, मग धनुष्य.

शब्द एकदा नक्की करून ठेवतो. तीर सोडणाऱ्याच्या समोर येतं ते पोट, लक्ष्याकडे असते ती पाठ. खेचताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. पाठीवर चिकटवतात ती पाठपट्टी.

१० डिसेंबर २०२३

अमावस्या दोन दिवसांवर आली म्हणून आज बांबू तोडला. आमच्याकडे अंधाऱ्या पक्षातच तोडतात, किडा कमी लागतो म्हणून. किडा बांबूतल्या पिठूळ अंशावर येतो हे खरं आणि पावसाळा संपून थंडीत तोडलेला बांबू कमी किडतो हाही अनुभव. चंद्राचं काय ते ज्यांनी आयुष्यभर तोडलाय त्यांच्यावर सोडतो, पण मी त्यांचं ऐकतो.

दोन जाती घेतल्या. घरामागच्या बेटातला माणगा आणि ओळखीच्यांच्या परड्यातला कळक. माणगा सरळ, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव. काठी म्हणून उत्तम, पण घेर लहान असल्यामुळे त्याची पट्टी काढली तर पाठ फार गोल येते. पाठपट्टीला मोठ्या घेराचा कळक हवा. घेर जितका मोठा तितकी पट्टी सपाट आणि ताण रुंदीभर वाटला जातो. गोल पाठीत सगळा ताण मधल्या उंचवट्यावर येतो.

पोटासाठी धामण. वखारीत चार फळ्या पडून होत्या, कुणाला नको होत्या. पूर्वी गाडीच्या दांड्यांना, कुऱ्हाडीच्या दांडक्यांना, कावडीला धामणच लागायची, कारण ती वाकते आणि परत येते. संस्कृतातलं तिचं नाव धन्वन, त्यात धनुष्य बसलेलंच आहे. सागवान घरात होतं, पण ते तेलकट. चिकटवायच्या आधी पुसून घ्यावं लागतं आणि एवढ्या वाकीला ते कुरकुरीत वाटतं.

३१ डिसेंबर २०२३

प्रत्येक तुकड्यावर नंबर घालून तीन आठवडे एक दिवसाआड वजन करतोय. आज सलग तिसऱ्यांदा वजन तेच आलं. म्हणजे खोलीतल्या हवेइतकं लाकूड वाळलं. मग बल्बच्या पेटीत, प्लायच्या लांबट खोक्यात ४० वॉटचे दोन बल्ब लावून, ठेवलं. अजून थोडं उतरेल.

७ जानेवारी २०२४

चाचणीचे जोड तयार. धामणीच्या एक इंच रुंद पट्ट्या, एकमेकींवर दोन इंच चढवून चिकटवलेल्या. पाच प्रकारचे गम, प्रत्येकाचे चार जोड. सुताराचा साधा पांढरा गम, बाटलीवर डी३ लिहिलेला पाणी झेलणारा पांढरा गम, सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना गम), प्लायवाल्यांचा युरिया फॉर्माल्डिहाइड पावडरचा गम आणि दोन डब्यांचा सावकाश आळणारा इपॉक्सी. पाच मिनिटांत आळणारा इपॉक्सी घेतलाच नाही. तो पाण्यात कमी टिकतो आणि पाच फुटांच्या पट्टीवर पसरेपर्यंत कपातच घट्ट होतो.

सरस करायला पूर्ण दिवस गेला. रात्री दाणे पाण्यात भिजवले, सकाळी फुगून जेलीसारखे झाले. मग मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान भांडं, आणि ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. उकळला की त्याची ताकद मरते. वास घरभर. सुतारकाका येऊन बघून गेले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर सरसावर काम केलं. भांड्यात बोट बुडवून त्यांनी दोन बोटं मिटली, उघडली, मधे तार आली. म्हणाले, "सरस बरो झालोहा. पण सरस आणि पावस, दोघांचा जमाचा नाय."

पावडरचा गम करताना मास्क आणि दारं उघडी. फॉर्माल्डिहाइड डोळ्यांना लगेच झोंबतं. इपॉक्सीला हातमोजे. एकदा त्याची ॲलर्जी बसली की ती कायमची.

प्रत्येक गमाचा एक जोड चोवीस तास पाण्याच्या बादलीत. दोन जोड तासभर उकळत्या पाण्यात, त्यातला एक गरम असतानाच पिळून पाहायचा आणि दुसरा गार झाल्यावर. चौथा शेडमध्ये टांगून खाली दहा किलो वाळूची पिशवी, दोन आठवडे. टांगलेल्या जोडांच्या कडेवर पेन्सिलच्या रेघा.

२१ जानेवारी २०२४

निकाल.

सरसाचा जोड बादलीत सकाळपर्यंत राहिलाच नाही. दोन पट्ट्या वेगळ्या आणि पाण्यात बुळबुळीत साय. पण वाळू टांगलेला सरसाचा जोड पाहिला तर रेघ अखंड, जशी मारली तशीच. कोरड्या हवेत सरस सरकत नाही. वर्षभर कोरड्या राहणाऱ्या मुलखात मी सरसच वापरला असता.

साधा पांढरा गम पाण्यात हाताने सुटला. वाळूच्या जोडात रेघ एक मिलिमीटर तुटली, तीही जानेवारीत. डी३ने पाणी छान झेललं, पण वजनाखाली तोही सरकला, निम्म्याने. हे लक्षात ठेवायला हवं. पाण्याला टिकणं आणि ताणाखाली न सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाटलीवर फक्त पहिली लिहिलेली असते.

पावडरचा गम वजनाखाली तसूभर हलला नाही. बादलीतही टिकला. उकळत्या पाण्यात मात्र तासाभरात दोन्ही जोड उघडले. प्लायवुडच्या दुकानात हाच फरक आपण रोज ऐकतो. एमआर प्लाय युरियाच्या गमाचा, तो ओल सोसतो पण कायमची उष्णता आणि ओल एकत्र आली की खचतो. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय फिनॉलच्या गमाचं आणि त्याला ७२ तास उकळून तपासतात. या गमात आणखी एक खोड दिसली. एका जोडात माझा रंधा थोडा चुकून मधे फट राहिली होती. तिथे गम जाड बसला, वाळून काचेसारखा झाला आणि ठोकताच फुटला. हा गम कागदाइतकाच पातळ हवा, म्हणजे दोन्ही पृष्ठं अगदी तंतोतंत बसली पाहिजेत.

इपॉक्सी पाण्यात टिकला, वजनाखाली हलला नाही, फट भरून काढली. उकळत्या पाण्यातून काढलेला जोड गरम असताना पिळला तर चिकट रबरासारखा उघडला. दुसरा गार होऊ दिला, तो हातोडीनेच तुटला आणि तुटताना धामणीचे धागे घेऊन गेला. म्हणजे याचा शत्रू पाणी नव्हे, उष्णता. घरच्या तापमानाला आळवलेला इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. मे महिन्यात बंद गाडीत तेवढं होतंच. हे मेमध्ये पुन्हा बघायचं.

हे सगळं करताना मॉस्किटो विमानांची गोष्ट सारखी आठवत होती. दुसऱ्या महायुद्धातलं हे ब्रिटिश विमान जवळजवळ सगळं लाकडाचं, बर्चचं प्लाय आणि मधे बाल्सा. सुरुवातीला दुधातल्या केसीनच्या गमाने चिकटवलेलं. दमट मुलखात केसीन टिकेना म्हणून पुढे युरिया फॉर्माल्डिहाइड आला. तरी १९४४ च्या पावसाळ्यानंतर भारत-ब्रह्मदेशातल्या मॉस्किटोंच्या पंखांचे जोड उघडल्याचं आढळलं आणि ती विमानं जमिनीवर ठेवावी लागली. चौकशीत फक्त हवामानावर बोट ठेवता आलं नाही, कारखान्यात भाग नीट न बसवता जोडलेलेही सापडले. माझ्या फट राहिलेल्या जोडाकडे पाहिल्यावर मला ते पटतं. गम कुठलाही घ्या, रंधा नीट चालला पाहिजे.

४ फेब्रुवारी २०२४

आज हाताने काही केलं नाही, पाठपट्टी कशाची हे ठरवलं.

नंदुरबारकडच्या आठवडी बाजारातून काही वर्षांपूर्वी आणलेला भिल्लांचा कामठा भिंतीवर आहे. एकाच बांबूची उभी फाक, दोरीही बांबूच्या पातळ चिवटीची. गमाचा एक थेंब नाही. बांबूची बाहेरची बाजू, जिथे धागे सगळ्यात दाट असतात, तीच पाठ. ती वस्तू हातात घेतली की कळतं, पाठपट्टी हवी की नको हा पहिला प्रश्न आहे. चांगल्या बांबूला, पाठीवरचे धागे न तुटू देता केलेल्या सरळ रेषांच्या लाकडालाही, ती लागत नाही. लाकूड सरळ नसेल, धागे कुठे तिरपे पाठीवर निघत असतील, किंवा पोट चांगलं असून पाठीचा भरवसा नसेल तेव्हा ती लागते. माझ्या धामणीच्या फळ्या करवतीने कापलेल्या आहेत. धागा दोन ठिकाणी तिरपा निघतो. तिथे सल उठणार.

कापड आणि कच्चं कातडं ही राखणीची पाठपट्टी. लिनन, ताग किंवा रेशमाचं कापड गमात भिजवून पाठीवर बसवलं की उठू पाहणारी सल दाबून धरतं. धनुष्याचा जोर त्याने वाढत नाही, खराब पाठ चांगली होत नाही, पण एखादी सल उठून हात फाटण्यापासून वाचवतं. कातडं जास्त चिवट, पण दमट हवेत ते ओल पितं आणि जड होतं.

जनावराच्या शिरांची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्यांची, पाठपट्टी ही सगळ्यात उमदी. मोगलकाळातली जोड-धनुष्यं अशीच, पोटाला शिंग, मधे लाकूड, पाठीला शिरा आणि सगळं सरसात. शिर ताणली जाते आणि परत येते, लाकूड इतकं ताणलं तर तुटेल. पण शिरही ओल पिते आणि तिला धरणारा सरसही. हिंदुस्थानात पूर्ण पोलादी धनुष्यंही झाली, संग्रहालयांत ती आजही दिसतात. जोरात ती जोड-धनुष्याला हरायची, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी ओलीने उकलायची नाहीत. कौटिल्याने धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग ही चार द्रव्यं सांगितली आहेत. सावंतवाडीत राहून त्यातला बांबू आणि लाकूड एवढंच मला माझं वाटतं.

फायबरग्लास लाकडापेक्षा कितीतरी ताठ. फक्त पाठीला लावला तर पोट चिरडतं, पोटालाही लावावा लागतो, आणि मग ते लाकडी धनुष्य राहत नाही.

म्हणून कळकाची पट्टी, धामणीवर, इपॉक्सीने. सोबत एक साधं धामणीचं धनुष्य, लिननची पाठ, सरसाने. सरसाचं पावसात काय होतं ते धनुष्यावरही पाहायचं आहे. ते सहा वर्षांनी नव्हे, या वर्षीच कळायला हवं.

१८ फेब्रुवारी २०२४

पाचवं धनुष्य चिकटवलं.

कळकाची आतली बाजू रंध्याने पूर्ण सपाट केली. काचेवर ठेवून खालून टॉर्च मारला, उजेड कुठून येतो ते पाहिलं, पुन्हा रंधा. दीड तास त्यातच गेला. बाहेरची बाजू फक्त पात्याने खरवडली, हिरवट मेणचट साल निघेपर्यंत. त्याखालचे दाट धागे कापले की पट्टीचा जीव गेला. पेऱ्यांवरचा उंचवटा थोडाच उतरवला, सपाट करायचा मोह आवरला. मधे पट्टी साडेचार मिलिमीटर, टोकाकडे अडीच.

दोन्ही पृष्ठांवर हॅक्सॉच्या पात्याने आडवे बारीक ओरखडे ओढले, ॲसिटोनने पुसलं आणि त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श केला नाही. तळव्याचा घामही जोडात उतरतो.

इपॉक्सी वजनाने १०० ला ८०. आज ३० ग्रॅम रेझिन, २४ ग्रॅम हार्डनर, सोन्याच्या काट्यावर. अंदाजाने कधीच घेऊ नये, थोडा फरक पडला तरी तो आतून कायमचा मऊ राहतो. तीन मिनिटं ढवळला, बाजू खरवडत, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळला. पहिल्या कपाच्या कडेला नेहमी न मिसळलेला थर राहतो.

दोन्ही बाजूंना लावून साच्यावर ठेवलं. साचा टोकांना दोन इंच पुढे झुकलेला. शिकंजे वापरले नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या इंचभर पट्ट्या करून मुठीपासून दोन्ही टोकांकडे ओढून गुंडाळल्या. दाब सगळीकडे सारखा येतो आणि इपॉक्सी पूर्ण पिळून निघत नाही. पांढऱ्या गमाला मी जोर लावून आवळायचो, तसं इथे केलं तर जोड कोरडा राहतो. कडेने सलग बारीक थेंब बाहेर आले, मण्यांच्या माळेसारखे. सगळीकडे आले म्हणजे आत कुठे पोकळी नाही. उरलेला कप शेजारी ठेवलाय. तो कोमट झाला, मग घट्ट झाला. उद्या त्यात नख रोवून बघायचं, जोडाची अवस्था तोच सांगेल.

१० मार्च २०२४

पाचवं धनुष्य वाया गेलं. कारण मला आधी दिसायला हवं होतं.

तासून धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकेपर्यंत आणलं, काम छान चाललं होतं. दोरी लावून, कप्पीवरून दूर उभं राहून खेचत २४ इंचांपर्यंत आलो. ३८ पौंड. पोटावर हात फिरवला आणि वरच्या हाताच्या मध्यावर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. भिंग लावून पाहिलं तर केसाइतक्या बारीक, एकमेकींत घुसलेल्या आडव्या सुरकुत्या, दोन इंचांच्या टापूत. लाकूड दाबाखाली दुमडलं. एकदा ते दुमडलं की परत सरळ होत नाही, प्रत्येक खेचीला वाढतं.

जोड निर्दोष आहे, पेन्सिलची एकही रेघ हलली नाही. चूक पट्टीची. साडेचार मिलिमीटरचा कळक धामणीला फार होता. बांबू ताणायला इतका ताठ की ताणाचा वाटा त्याने घेतला आणि सगळं वाकणं पोटाच्या माथी आलं. बहुतेक लाकडं ताण जास्त सोसतात, दाब कमी. त्यामुळे पाठ मजबूत करणं म्हणजे पोटाचं ओझं वाढवणंच असतं. मी अडीच महिने गमाचा विचार केला आणि पट्टीची जाडी सवयीने ठरवली.

भाचीने सुरकुत्या भिंगातून पाहिल्या. म्हणाली, "मामा, मग पट्टी अरुंद केली तर?" तोच उपाय. पट्टी पातळ करायची आणि कडा आत तासून पाठ पोटापेक्षा अरुंद ठेवायची, आडवं कापलं तर आकार गच्चीवरच्या कठड्यासारखा, वर निमुळता.

९ एप्रिल २०२४

गुढीपाडवा. गुढीची काठी माणग्याची, त्याच बेटातली. संध्याकाळी सहावं धनुष्य चिकटवलं. कळक मधे तीन मिलिमीटर, टोकाला दीड, कडा जवळजवळ मिलिमीटरच्या. बाकी सगळं तसंच. फरक एकच, दुसऱ्या दिवशी ट्यूबच्या पट्ट्या न सोडता साच्यासकट बल्बच्या पेटीत ठेवलं. १०० वॉटचे चार बल्ब, ५५ ते ६० अंश, चार तास. इपॉक्सी नंतर असा भाजून घेतला की जास्त उष्णतेपर्यंत टिकतो. त्याच कपातल्या गमाचे सहा चाचणीचे जोडही केले. तीन पेटीत ठेवले, तीन बाहेर.

१२ मे २०२४

सहा जोड गाडीच्या डॅशबोर्डवर, पुस्तकाच्या दोन चवडींवर आडवे, मधे अर्ध्या किलोचं वजन. काचा बंद, दुपारी बारा ते तीन. तापमापक सर्वाधिक ६३ वर गेला.

न भाजलेल्या तिन्ही जोडांत रेघ हलली आहे, एकात चांगलीच. भाजलेल्यांत एकही नाही. या वर्षभरात मला सगळ्यात जास्त समाधान या दुपारने दिलं.

सहावं धनुष्य २६ इंचांना ३४ पौंड. दोरी उतरवल्यावर टोकं सव्वा इंच पुढे. पोट भिंगाखाली स्वच्छ. शंभर तीर भाचीने, शंभर मी. लिननचं सातवं धनुष्यही तयार, २८ पौंड.

८ जून २०२४

मृग लागला, कालपासून संततधार. तिन्ही धनुष्यं, सहावं, सातवं आणि नंदुरबारचा कामठा, दोरी न लावता पडवीत टांगली. पाऊस लागणार नाही, पण हवा लागेल. सहाव्याला आणि सातव्याला तेलाचे दोन हात, खाचांना आणि टोकांच्या उघड्या धाग्यांना चार. ओल सगळ्यात आधी तिथून शिरते.

२१ जुलै २०२४

सातव्याचं लिनन मुठीजवळ फुगलं. दाबलं तर खाली हवा. टोकाला कापडाखाली काळी बुरशी. तेलाने ओल अडवली नाही, फक्त उशीर केला. कापड एका बाजूने धरून ओढलं तर हातभर सलग निघून आलं, खाली सरसाचा ओलसर, पिवळा थर, जानेवारीत बादलीत दिसला होता तसाच. सुतारकाकांना दाखवायला ठेवलंय. खालचं लाकूड शाबूत आहे. वाळवून त्यावर हेच लिनन डी३ ने बसवणार. कापडाच्या पाठीवर थर सरकण्याइतका ताण येत नाही, पातळ कापड धरून ठेवायला तो गम पुरेसा आहे.

सहाव्याला काही नाही. रेघा तपासल्या, सगळ्या अखंड.

२९ सप्टेंबर २०२४

पाऊस ओसरला, तिन्ही काढली, मोजली. सहावं ३४ वरून ३१ पौंड, टोकं पाऊण इंच पुढे. सुरुवातीला वाटलं जोड सरकला. पण रेघा अखंड आहेत आणि गम नसलेला कामठाही ३६ वरून ३२ वर आलाय. म्हणजे हे ओलीमुळे मऊ पडलेलं लाकूड, जोड नव्हे. दोन्ही बल्बच्या पेटीत, मंद उष्णतेवर, आठवडाभर.

६ ऑक्टोबर २०२४

आठवडाभराने सहावं ३३ पौंड, टोकं एक इंच. कामठा ३५. पाचव्या धनुष्याचा हात करवतीने आडवा कापून पाहिला. जोडाची रेघ सलग, पातळ, कुठेही बुडबुडा नाही आणि पोटातल्या सुरकुत्या जवळजवळ मध्यापर्यंत गेलेल्या.

सहावं भाचीकडे दिलं. मुठीच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे: धामण, कळक ३ मिमी, इपॉक्सी १००:८०, भाजलेला, २६ इंच, ३३ पौंड, दोरी खेळून झाली की लगेच उतरवायची, बंद गाडीत ठेवायचं नाही, दर महिन्याला टोकांजवळच्या तीन रेघांवरून नख फिरवायचं, पायरी लागली तर खेचायचं नाही, मामाकडे आणायचं.